विष एका दारात, उतारा दुसऱ्या दारात
बुचॉनमधील मधमाशी-सुईच्या मृत्यूचं प्रकरण

१५ मे हा दक्षिण कोरियात शिक्षक दिन असतो. कोरियन लिपी देणाऱ्या राजा सेजोंगचा तो जन्मदिवस, आणि त्या दिवशी मुलं आपल्या शिक्षकांना कार्नेशनची फुलं देतात. २०१८ च्या त्याच दिवशी दुपारी सोलजवळच्या बुचॉन शहरात एक शिक्षिका कंबरदुखीसाठी पारंपरिक कोरियन वैद्यकाच्या दवाखान्यात गेली. वैद्याने तिच्या कमरेत मधमाशीच्या विषाची सुई टोचली. थोड्याच वेळात तिची प्रकृती ढासळली. वैद्य धावत त्याच इमारतीतल्या एका फॅमिली डॉक्टरकडे गेला, तो डॉक्टर एपिनेफ्रिनचं, म्हणजे अॅड्रेनालिनचं, इंजेक्शन घेऊन आला, दोघांनी मिळून छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रयत्न केले, मग रुग्णवाहिका आली. ती शुद्धीवर आलीच नाही. ६ जूनला तिचा मृत्यू झाला.

पारंपरिक उपचार किती सुरक्षित, हा वाद आपल्याकडेही रोज होतो, आणि तो बहुतेक वेळा श्रद्धेवरून होतो. एकजण म्हणतो शेकडो वर्षांचं ज्ञान आहे, दुसरा म्हणतो सगळी भोंदूगिरी आहे. बुचॉनच्या प्रकरणात शिरलं की हे दोन्ही सूर अपुरे वाटू लागतात. या बाईचा जीव कशाने गेला, हा प्रश्न विषापाशी सुरू होतो आणि बघता बघता भिंती, दरवाजे, परवाने आणि कपाटातल्या औषधांपर्यंत जातो. म्हणून हे एकच प्रकरण सावकाश उलगडावं असं वाटलं.

आधी त्या वैद्याबद्दल. कोरियात त्याला हानउइसा म्हणतात. हा कुणी परवाना नसलेला जडीबुटीवाला नव्हे. १९५१ च्या कायद्याने कोरियाने दोन समांतर वैद्यकव्यवसायांना मान्यता दिली, एक पाश्चात्त्य पद्धतीचा डॉक्टर आणि दुसरा हानउइसा. हानउइसा होण्यासाठी सहा वर्षांचा अभ्यासक्रम असतो, मग राष्ट्रीय परीक्षा, मग परवाना. देशात असं शिक्षण देणाऱ्या बारा संस्था आहेत. १९८७ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा अॅक्युपंक्चरसारख्या त्यांच्या उपचारांचे पैसे देतो. डेजॉन शहरात या वैद्यकाची सरकारी संशोधनसंस्था आहे, ती १९९४ पासून काम करते. म्हणजे शिक्षिका गेली ती राजमान्य, विमामान्य दारात. तिथे जाण्यात तिचा भोळेपणा नव्हता, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवं. कंबर दुखली की हानउइसाकडे जाणं ही कोरियात अगदी रोजची गोष्ट आहे.

आता त्या सुईबद्दल. नेहमीच्या अॅक्युपंक्चरमध्ये सुई कोरी असते, तिच्यातून शरीरात काही जात नाही. याकचिम म्हणजे ‘औषधी सुई’ हा वेगळा प्रकार. त्यात वनस्पतींचे अर्क किंवा इतर द्रव सिरिंजने अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर टोचतात. द्रव मधमाशीच्या विषाचा असेल तर ती बोंगचिम, मधमाशी-सुई. काही ठिकाणी जिवंत मधमाशीच चिमट्यात धरून नांगी टोचवतात, पण दवाखान्यात सहसा सुकवलेलं विष वापरलं जातं. पोळ्याजवळ ठेवलेल्या काचेवरच्या तारांमधून सौम्य वीज सोडतात, माश्या काचेला डंख मारतात, काचेवर सुकलेलं विष खरवडून शुद्ध करतात आणि मग ते पाण्यात पातळ करतात. दहा हजार भागांत एक भाग, हे नेहमीचं प्रमाण.

हिशेब केला तर अशा द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये शंभर मायक्रोग्रॅम विष येतं. मधमाशीच्या एका डंखातून साधारण पन्नास ते एकशेचाळीस मायक्रोग्रॅम विष शरीरात जातं. म्हणजे एक मिलिलिटर टोचणं जवळपास एका पूर्ण डंखाइतकं. ‘दहा हजार पट पातळ’ ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण ज्याला मधमाशीची अॅलर्जी आहे त्याच्यासाठी एक डंख ही थोडी मात्रा नाही.

इथे ‘पारंपरिक’ या शब्दाकडेही पुन्हा बघावं लागतं. हो जुन या राजवैद्याने संकलित केलेला ‘दोंगउइबोगाम’ हा ग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला. युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतिवारशात स्थान दिलं आहे. त्या परंपरेला माझा मनापासून नमस्कार. पण शुद्ध केलेलं विष सिरिंजने त्वचेखाली टोचण्याची पद्धत काही सतराव्या शतकातली नाही. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. सिरिंज आली, गाळणी आली, निर्जंतुक कुपी आली, आणि बिंदू मात्र जुन्या नकाशावरचे राहिले. काढ्याचा चारशे वर्षांचा अनुभव इंजेक्शनच्या सुरक्षिततेची साक्ष देऊ शकत नाही. पोटातून जाणाऱ्या गोष्टीला यकृताची चाळण लागते, ती सावकाश रक्तात उतरते. टोचलेल्या गोष्टीला ती वाट नसते. त्या शिक्षिकेच्या कमरेत गेलं ते परंपरेचं नाव लावलेलं एक आधुनिक इंजेक्शन होतं. आधुनिक इंजेक्शनला जी तयारी लागते, ती त्यालाही लागायलाच हवी होती.

मधमाशीच्या सुकलेल्या विषात जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाच्या पेप्टाइडचा असतो. आग होते, सूज येते ती मुख्यतः त्याच्यामुळे, आणि दाह कमी करण्याचे जे गुण सांगितले जातात तेही बरेचसे त्याच्याच नावावर आहेत. साधारण दहा-बारा टक्के फॉस्फोलायपेझ ए-टू हे विकर (एन्झाइम) असतं, आणि अॅलर्जीच्या दृष्टीने खरा धोका तिथे आहे. एखाद्याच्या शरीराने पूर्वीच्या डंखानंतर त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं (अॅलर्जी घडवणारी अँटिबॉडी) तयार करून ठेवली असतील, तर ती मॅस्ट पेशींवर सापळ्यासारखी बसून असतात. विष पुन्हा आलं की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. अंगावर गांधी उठतात, घसा आणि श्वासनलिका आवळतात, रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतलं द्रव बाहेर झिरपतं आणि रक्तदाब कोसळतो. हे अॅनाफिलॅक्सिस.

हा शब्दही एका विषाच्याच प्रयोगातून जन्माला आला. फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए समुद्रफुलाचं (सी-अॅनिमोन या समुद्री जिवाचं) विष कुत्र्यांना देऊन बघत होते. त्यांना वाटत होतं की थोडं थोडं विष दिलं की कुत्री ते पचवायला शिकतील. १९०२ मध्ये नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला दिलेली पहिली मात्रा त्याने सहज सोसली. २२ दिवसांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली तेव्हा तो पंचवीस मिनिटांत मेला. संरक्षणाच्या उलट काहीतरी घडलं होतं, म्हणून रिशेने ‘अॅनाफिलॅक्सिस’ हा शब्द घडवला. १९१३ चं नोबेल पारितोषिक त्याला याच कामासाठी मिळालं. पहिल्यांदा सोसलं म्हणजे पुढेही सोसेल असं नाही, हे तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे.

किती वेळ हातात असतो? ब्रिटनमध्ये रिचर्ड पम्फ्री यांनी अॅनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक काळ त्यांनी काढला. अन्नामुळे झालेल्या प्रतिक्रियेत तो तीस मिनिटं होता, डंखामुळे झालेल्या प्रतिक्रियेत पंधरा मिनिटं, आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांमुळे झालेल्या प्रतिक्रियेत पाच मिनिटं. मधमाशी-सुई ही यांपैकी शेवटच्या दोन्ही रकान्यांत बसते, विष डंखाचं आणि सुई वैद्याची. पाच ते पंधरा मिनिटं. एवढ्या वेळात रुग्णवाहिका दारात येणं दाट वस्तीच्या शहरातही कठीण.

म्हणून अॅनाफिलॅक्सिसचा उतारा जिथे विष टोचलं जातं त्याच खोलीत असावा लागतो. उतारा म्हणजे एपिनेफ्रिन, आपल्याकडच्या दवाखान्यांतलं अॅड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, आणि गरज पडली तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, आवळलेली श्वासनलिका मोकळी करतं, हृदयाला जोर देतं आणि मॅस्ट पेशींनी आणखी रसायनं सोडणंही रोखतं. अॅलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन हे काम करत नाही. ती नंतरची मदत. रुग्णाला आडवं ठेवायचं, पाय उंच करायचे. बरं वाटतंय म्हणून त्याला उठवून बसवलं आणि तेवढ्यात हृदय थांबलं, असे मृत्यूही पम्फ्री यांनी नंतर नोंदवले आहेत.

आणि बुचॉनमधल्या त्या खोलीत एपिनेफ्रिन नव्हतं. ते दुसऱ्या दवाखान्यात होतं.

का नव्हतं, हा या प्रकरणाचा गाभा आहे. कोरियाच्या कायद्यात डॉक्टर आणि हानउइसा यांचे परवाने वेगवेगळे आहेत आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं तर तो गुन्हा ठरू शकतो. एपिनेफ्रिन हे डॉक्टरने लिहून द्यायचं औषध. हानउइसाने ते वापरणं परवान्याबाहेरचं, असाच कायद्याचा रूढ अर्थ लावला जात आला. मधमाशीचं विष मात्र त्याच्या परवान्यात बसतं, कारण ते याकचिमचं द्रव्य. म्हणजे अॅनाफिलॅक्सिस घडवू शकणारी वस्तू टोचायला त्याला परवानगी आणि अॅनाफिलॅक्सिस थांबवणारी वस्तू कपाटात ठेवायला नाही. मराठीत विषावरच्या औषधाला ‘उतारा’ म्हणतात. विष ठेवणाऱ्याने उतारा ठेवायचा नाही, असा हा नियम. तो कुणी एका दिवशी ठरवून केला नसेल, दोन व्यवसायांच्या हद्दी आखता आखता तसा होऊन बसला असेल. पण त्याचा परिणाम एका माणसाच्या देहावर मिनिटांच्या हिशेबात झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे ही भिंत इतकी उंच नाही. राज्य सरकारने १९९२ मध्येच नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधं वापरण्याची मुभा दिली. त्यावरून आपल्याकडे वेगळे आणि तेवढेच कडवट वाद आहेत. कोरियाने उलटी वाट धरली, दोन्ही पद्धती काटेकोर वेगळ्या ठेवल्या. मला स्वतःला परवान्यांची शिस्त मान्य आहे. ज्याला जे शिकवलेलं नाही ते त्याने करू नये. पण एपिनेफ्रिन टोचणं ही इतकी सोपी आणि जीव वाचवणारी कृती आहे की अनेक देशांत अॅलर्जी असलेली शाळकरी मुलं स्वतःच्या दप्तरात त्याचं तयार इंजेक्शन बाळगतात. सहा वर्षं शिकलेल्या आणि रोज सुया टोचणाऱ्या माणसाला ते शिकवता येत नाही, हे मला पटत नाही.

त्वचा-चाचणीचा मुद्दा या प्रकरणात सगळ्यात जास्त चर्चेत राहिला, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. वैद्याने सुई टोचण्याआधी अॅलर्जीची चाचणी केली नव्हती, रुग्णाला धोक्याची नीट कल्पना दिली नव्हती, आणि त्याबद्दल त्याच्यावर ठपका आला. तो योग्यच होता. विषाचा अतिशय पातळ थेंब त्वचेत टोचून पंधरा-वीस मिनिटं वाट बघायला काही लागत नाही. पण चाचणी केली म्हणजे धोका टळला असं नाही. चाचणी सांगते ती त्या दिवशीची स्थिती. मधमाशी-सुई हा एका बैठकीचा उपचार नसतो; रुग्ण आठवड्यातून एकदोनदा, महिनोन्महिने येतो. प्रत्येक मात्रा त्याच्या शरीराला विषाची ओळख करून देते, आणि कुठल्या तरी आठवड्यात ती ओळख वैरात बदलू शकते. नेपच्यूनचं तसंच झालं होतं.

स्पेनमधल्या एका प्रकरणात हे फार स्पष्ट दिसतं. २०१८ मध्ये तिथल्या अॅलर्जीतज्ज्ञांनी एका पंचावन्न वर्षांच्या बाईच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. ती दोन वर्षं दर महिन्याला जिवंत मधमाशीचा डंख घ्यायची, तणाव आणि स्नायूंच्या आखडण्यावर उपाय म्हणून, आणि तिला कधीच त्रास झाला नव्हता. मग एका बैठकीत डंखानंतर लगेच श्वास घरघरू लागला आणि ती बेशुद्ध पडली. पुढे काही आठवड्यांनी अनेक अवयव निकामी होऊन ती गेली. दोन वर्षांची निर्धोक नोंद तिच्या कामी आली नाही.

कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०११ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात बरोबर या निर्धोक इतिहासाचाच आधार घेतला होता. त्या रुग्णाची आधीची चाचणी ठीक होती, बारा दिवसांपूर्वीच्या मधमाशी-सुईनेही काही झालं नव्हतं, तेव्हा वैद्याने पुन्हा चाचणी करायलाच हवी होती असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. कायद्याच्या चौकटीत हा निर्णय समजण्यासारखा आहे. माणसाला शिक्षा द्यायची तर त्याची चूक आणि झालेला अपाय यांचा सांधा सिद्ध व्हावा लागतो. पण दवाखान्यात काय करावं याचा धडा म्हणून तो वाचला तर घात होईल. ‘बारा दिवसांपूर्वी काही झालं नाही’ या वाक्यात आश्वासन ऐकू येतं. अॅलर्जीच्या शास्त्राला त्यात फक्त एवढंच ऐकू येतं की शरीराला विषाची ओळख झाली आहे.

मग संशोधन काय सांगतं? मधमाशी-सुईच्या परिणामाबद्दलचे पुरावे पातळ आहेत. स्नायू आणि सांध्यांच्या वेदनांवरच्या अकरा यादृच्छिक चाचण्यांचा (ज्यांत कुणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं) आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही चाचण्यांत सलाइन टोचलेल्यांपेक्षा विष टोचलेल्यांना जास्त आराम पडला होता, पण चाचण्या लहान होत्या आणि त्यांवरून ठाम काही म्हणता येत नव्हतं. संधिवातावरचा दुसरा आढावा २०१४ चा. त्यात शोधातून ३०४ अभ्यास वर आले आणि निकषांवर उतरली ती फक्त एक चाचणी. तीनशेचारातून एक. अहवाल भरपूर, तुलना करता येईल असा पुरावा जवळजवळ नाही.

धोक्यावरचा मोठा आढावा २०१५ चा. कोरियन संशोधकांनीच तो केला, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतःच्या परंपरेची तपासणी स्वतः करणं सोपं नसतं. त्यांनी १४५ अभ्यास एकत्र केले. सलाइनच्या तुलनेत मधमाशी-सुईने दुष्परिणामांची शक्यता ३.६१ पट होती. हा आकडा वर्तमानपत्री मथळ्यासाठी फार सोयीचा आहे, म्हणून त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. यातले बहुसंख्य दुष्परिणाम खाज, सूज, लाली असे जागेपुरते असतात. विष टोचल्यावर ते होणारच. आणि मूळ चाचण्यांतली नोंद इतकी अपुरी होती की हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असू शकतो किंवा कमीही, असं लेखकांनीच लिहून ठेवलं आहे. म्हणजे दुष्परिणाम होतात हे नक्की, पण जीवघेणा दुष्परिणाम किती सुयांमागे एक, याचं उत्तर तिथे मिळत नाही.

ते उत्तर न मिळण्याचं कारण अपूर्णांकात आहे. अंश आपल्याला कळतो, कारण मृत्यूची बातमी होते, प्रकरण कोर्टात जातं, एखादा डॉक्टर नोंद छापतो. छेद कळत नाही, कारण गल्लीबोळातल्या हजारो दवाखान्यांत रोज किती मधमाशी-सुया टोचल्या जातात हे कुणी एका वहीत लिहीत नाही. मोठी रुग्णालयं आपापल्या नोंदींवरून प्रमाण काढू शकतात, पण तिथे शेजारच्या खोलीत दुसरे डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो. एका वैद्याच्या छोट्या दवाखान्याचं चित्र त्यातून दिसत नाही.

असा छेद काढता येत नाही असं नव्हे. कोरियन वैद्यकानेच दुसरीकडे तो काढून दाखवला आहे. वनौषधींनी यकृत बिघडतं, असा डॉक्टरांचा जुना आरोप होता. तेव्हा कोरियन वैद्यकाच्या दहा रुग्णालयांत दाखल झालेल्या १,००१ रुग्णांच्या यकृताच्या तपासण्या औषध सुरू करण्याआधी आणि नंतर केल्या गेल्या. २०१७ मध्ये निकाल आला. सहा जणांना, म्हणजे ०.६ टक्के रुग्णांना औषधजन्य यकृतइजा झाली होती. हा आकडा शून्य नाही आणि भयंकरही नाही. आता निदान बोलायला एक आकडा तरी आहे. कोरी सुई तर याहून सुरक्षित निघाली. ब्रिटनमध्ये २००१ साली चौतीस हजारांहून जास्त अॅक्युपंक्चर उपचारांची आगाऊ ठरवून नोंद केली गेली, त्यात एकही गंभीर अपाय आढळला नाही. ‘पारंपरिक उपचार सुरक्षित आहेत का’ हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा ठरतो. कोरी सुई वेगळी, काढा वेगळा, विषाची सुई वेगळी. तिघींना एकाच पाटीखाली बसवलं की सुरक्षित उपचाराची पुण्याई धोकादायक उपचाराला मिळते, आणि धोकादायक उपचाराचं पाप सुरक्षिताच्या माथी येतं.

आता कोर्टाकडे. शिक्षिकेच्या कुटुंबाने नुकसानभरपाईचा दावा लावला तो दोघांवर, हानउइसावर आणि धावून आलेल्या फॅमिली डॉक्टरवर. रक्कम मिळून सुमारे नव्वद कोटी वॉन. डॉक्टरविरुद्धचं म्हणणं असं की तो आला नसता तर गोष्ट वेगळी, पण एकदा डॉक्टर म्हणून आल्यावर पूर्ण उपचाराची जबाबदारी त्याची होती आणि एपिनेफ्रिन वेळेत दिलं गेलं नाही. ही बातमी आली तेव्हा कोरियातले डॉक्टर हादरले. त्यांच्या संघटनेने जाहीरपणे म्हटलं की असे दावे चालले तर यापुढे कुणी डॉक्टर शेजाऱ्याच्या मदतीला धावणार नाही. तिथे सद्भावनेने केलेल्या आपत्कालीन मदतीला संरक्षण देणारी तरतूद आहे, पण ती अर्धवट आहे. रुग्णाला इजा झाली तर मदत करणारा सुटतो, रुग्ण दगावला तर फौजदारी जबाबदारी फक्त कमी होऊ शकते.

या मुद्द्यावर मला त्या कुटुंबावर राग धरता येत नाही. घरातलं माणूस कंबरदुखीसाठी गेलं आणि परत आलं नाही. त्यांच्यासाठी त्या दुपारी हजर असलेला प्रत्येक पांढरा कोट हा एक न सुटलेला प्रश्न होता. तरीही डॉक्टरवरचा दावा चुकीचा होता असंच माझं मत आहे. सुई त्याने टोचली नव्हती, रुग्ण त्याचा नव्हता, आणि त्याला बोलावलं गेलं तेव्हा मिनिटं आधीच निघून गेली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये इंचॉन जिल्हा न्यायालयाच्या बुचॉन शाखेने निकाल दिला. हानउइसाने कुटुंबाला सुमारे सत्तेचाळीस कोटी वॉन द्यावेत, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेतीन कोटी रुपयांच्या आसपास. फॅमिली डॉक्टरवरचा दावा न्यायालयाने फेटाळला.

निकालाने व्यक्तींचा दोष ठरवला. दोन दारांमधल्या अंतराचा दोष ठरवण्याचं काम कोर्टापुढे नव्हतंच. ते व्यवसायांच्या संघटनांकडे आणि सरकारकडे होतं, आणि तिथे जे झालं ते वाचून मन खिन्न होतं. घटनेनंतर २०१८ च्या उन्हाळ्यातच हानउइसांच्या संघटनेने जाहीर केलं की त्यांचे दवाखाने एपिनेफ्रिनसारखी आपत्कालीन औषधं ठेवतील आणि वापरतील. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. हा बेकायदा हद्दओलांडीचा प्रयत्न आहे, मधमाशी-सुईच थांबवा आणि याकचिमची तपासणी करा, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होतं. जे द्रव्य औषधासारखं टोचलं जातं त्याची औषधासारखी चाचणी व्हायला हवी, हे डॉक्टरांचं म्हणणं बरोबर. जो टोचतो त्याच्या हाताशी उतारा असायला हवा, हे हानउइसांचं म्हणणंही बरोबर. पण भांडण झालं ते हद्दीवरून, आणि दरम्यान मधमाशी-सुया चालूच राहिल्या.

याकचिमच्या द्रव्यांची अडचण खरीच आहे. ती बाजारात विकायच्या औषधासारखी कारखान्यात ‘उत्पादित’ होत नाहीत. दवाखान्यांसाठी काढे आणि द्रव्यं तयार करून देणाऱ्या केंद्रांत ती ‘बनवली’ जातात. कायद्याच्या दृष्टीने हे वैद्याने आपल्या रुग्णासाठी औषध घोटण्यासारखं. त्यामुळे नव्या इंजेक्शनला लागणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या मानवी चाचण्या त्यांना लागू झाल्या नाहीत. सप्टेंबर २०१८ पासून आरोग्य मंत्रालयाने या केंद्रांसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था आणली. निर्जंतुकता, कच्च्या मालाची तपासणी, यंत्रं हे सगळं त्यात येतं. पण कुपी स्वच्छ आहे की नाही हे प्रमाणपत्र सांगतं. त्या शिक्षिकेला अपाय झाला तो अस्वच्छ विषाने नाही, विषानेच.

एक आशेची वाट कोरियन वैद्यकाच्या आतूनच निघाली आहे. विषातली फॉस्फोलायपेझसारखी विकरं गाळून मुख्यतः मेलिटिन ठेवायचं, म्हणजे अॅलर्जी घडवणारा मुख्य भाग जातो. ‘गोड मधमाशी-विष’ असं त्याला म्हणतात. अॅलर्जीच्या प्रतिक्रिया त्याने कमी होतात असं अभ्यास दाखवतात. संपूर्ण थांबतात असं नाही, मेलिटिनचीही अॅलर्जी असणारे काही लोक असतात. तरीही ज्यांना ही सुई चालू ठेवायची आहे त्यांनी निदान अख्खं विष सोडावं, असं मला ठामपणे वाटतं.

मधमाशीचं विष टोचणारा आणखी एक दवाखाना जगभर आहे, आणि त्याची तुलना केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. मधमाशीची जीवघेणी अॅलर्जी असलेल्यांवर अॅलर्जीतज्ज्ञ त्याच विषाने उपचार करतात. आधी मायक्रोग्रॅमच्या छोट्या अंशापासून सुरुवात, मग आठवड्यांमागून आठवडे पायरी पायरीने वाढवत शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत. बोंगचिमच्या एका मिलिलिटरमध्ये असतं तेवढंच विष, तेही ज्यांना अॅलर्जी आहे हे माहीत आहे अशा माणसांना. तिथेही प्रतिक्रिया होतात, कमी नाही होत. तरी मृत्यू फार दुर्मीळ, कारण त्या खोलीची रचनाच प्रतिक्रिया येणार असं गृहीत धरून केलेली असते. मात्रेची वही असते, मागच्या वेळी काय झालं हे विचारल्याशिवाय पुढची सुई नसते. मोडायला तयार अॅड्रेनालिनची कुपी आणि सिरिंज एका ट्रेमध्ये असते, ती द्यायला शिकलेला माणूस त्याच खोलीत असतो, पाय उंच करता येईल असा पलंग असतो. आणि दाराजवळ काही खुर्च्या असतात, सुई टोचून घेतलेल्याने घरी जाण्याआधी अर्धा तास बसण्यासाठी.